चणे आहेत, पण दात नाहीत!

आमच्या घरी आठवड्यातून एकदा तरी वाल भिजत पडतातच. पनवेलला बिऱ्हाड थाटल्यापासूनचा हा नेम आहे. भात कापून झाला की जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर रायगडातला शेतकरी कडवे वाल टाकतो, आणि ते वर्षभर आमच्यासारख्यांच्या डब्यांत येऊन बसतात. सकाळी भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि मग त्यांचे बिरडे करायचे, असा हा सोपस्कार. यातले सोलण्याचे काम माझ्याकडे असते. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या हातून घरात याहून जोखमीचे काम होणार नाही, असे आमच्या सौभाग्यवतींचे पहिल्यापासूनचे मत आहे.

गेल्या आषाढात एका संध्याकाळी मी असाच वाल सोलीत बसलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. एवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी दाराशी येऊन उभा राहिला. अंगावरून पाणी निथळत होते. हातातले बुटांचे खोके मात्र त्याने प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून कोरडे ठेवले होते.

"अरे, सरांना बूट आणलेस की काय?" सौ.ने थट्टेने विचारले.

तो हसला नाही. "काकू, जरा बघा तर," म्हणत त्याने खोके जमिनीवर ठेवून उघडले. आत कोंबडीचे एक पिल्लू होते. तीन आठवड्यांचे असेल. डोळे तरतरीत, पिसे बरी. पण उभे राहायला गेले की ते गुडघे टेकल्यासारखे बसे आणि पंख पसरून तोल सावरीत पुढे सरकू पाही. चोचीला बोट लावले तर ती रबरासारखी लवत होती.

"सर, अशी दोनशेच्या वर झाली आहेत," तो म्हणाला. "आणि रोज वाढताहेत."

कोंबडीच्या पिल्लाचे दुखणे घेऊन कोणी मराठीच्या प्राध्यापकाकडे का यावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. माझ्या पोटात मात्र त्याच क्षणी खड्डा पडला. का, ते सांगण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

* * *

हा मुलगा बी.ए.ला मराठी घेऊन चांगल्या गुणांनी पास झाला. नोकरीसाठी दोन वर्षे मुंबईच्या लोकलला लोंबकळला आणि एके दिवशी कर्नाळ्याच्या बाजूला आपल्या गावी परत गेला. घरच्या जागेत त्याने पत्र्याची शेड उभारली. आईने हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या, त्यांतून दोन हजार सुधारित गावठी पिल्ले आली. या धंद्यात पुष्कळजण कंपनीशी करार करून ब्रॉयलर वाढवतात. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेतकऱ्याला मिळते ती वाढवण्याची मजुरी. "सर, मला माझे स्वतःचे करायचे आहे," असे तो मला म्हणाला होता. कोंबडीपालनात खर्चाचे शंभर रुपये धरले तर त्यांतले पासष्ट-सत्तर खाद्यावरच जातात. तेव्हा खाद्य घरीच भरडायचे, असे त्याने ठरवले. मका, सोयाबीनची पेंड, भाताचा कोंडा, थोडी खनिजे, थोडी जीवनसत्त्वे, की झाला भरडा तयार.

फाल्गुनात तो एक इंग्रजी पत्रक घेऊन माझ्याकडे आला. एका भुकटीच्या पाकिटाबरोबर ते मिळाले होते. भुकटीचे नाव फायटेज. ती खाद्यात मिसळली की दाण्यातले अडकलेले स्फुरद मोकळे होते आणि महागड्या खनिजाची भर कमी घालावी लागते, असा त्यात मजकूर होता. "सर, याचे नीट मराठी करून द्या. शेडमध्ये लावून ठेवतो, म्हणजे आईलाही वाचता येईल," तो म्हणाला.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. रात्रभर बसून मी भाषांतर केले. 'एन्झाइम'ला 'विकर' आणि 'फॉस्फरस'ला 'स्फुरद' असे शास्त्रशुद्ध प्रतिशब्द योजले. मजकूर असा काही घोटीव उतरला की मीच तो दोनदा मोठ्याने वाचला. शेवटी बारीक टायपात चार-पाच ओळी होत्या. थंड व कोरड्या जागी ठेवा, उघडल्यावर घट्ट बंद करा, मुदतीत वापरा, आधी थोड्या खाद्यात कालवून मग सगळ्यात मिसळा. असल्या ओळी खोकल्याच्या औषधापासून बिस्किटांच्या पुड्यापर्यंत सगळ्यांवरच असतात. त्यांनी माझ्या भाषेचा ओघ बिघडत होता. मी त्या गाळल्या.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे आमच्या ओळखीच्या एका निवृत्त पशुवैद्यांकडे गेलो. मुंबईला परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात, म्हणजे १८८६ सालापासून चालत आलेल्या संस्थेत, त्यांचे शिक्षण झालेले. रात्री मेलेले एक पिल्लू विद्यार्थ्याने बरोबर आणले होते. डॉक्टरांनी त्याच्या पायाचे हाड मोकळे केले आणि दोन बोटांत धरले. "निरोगी पिल्लाचे हाड असे वाकवले तर कट्‌कन मोडते. हे बघा," ते म्हणाले. हाड ओल्या काडीसारखे नुसतेच वाकले. "मुडदूस!"

"म्हणजे चुना कमी पडला?" मी विचारले.

"तसेच सगळे म्हणाले, म्हणून मी शिंपल्यांचा चुरा दुप्पट केला, डॉक्टरसाहेब," विद्यार्थी म्हणाला. "पण जास्तच बिघडले."

"बिघडणारच. हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. चुना आणि स्फुरद यांचे लग्न लागते तेव्हा हाड होते. इथे नवरीच बेपत्ता, आणि तू नवरदेव वाढवीत सुटलास! जास्तीचा चुना आतड्यात असलेल्या थोड्याफार स्फुरदालाही बांधून बाहेर घेऊन जातो."

"पण मक्यात स्फुरद आहे, पेंडीत आहे, कोंड्यात तर भरपूर आहे. सरांच्या कागदात तसे लिहिलेच आहे."

"आहे ना! पण चणे आहेत तर दात नाहीत, त्यातली गत," डॉक्टर म्हणाले. "आणि कोंबडीला तर खरोखरीच दात नाहीत."

एवढे बोलून त्यांनी तीन प्रश्न विचारले. डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचे ते तयार खनिज, टनाला किती घालतोस? ती भुकटी मिसळतोस कशी? आणि पाकीट ठेवतोस कुठे?

पहिल्याचे उत्तर असे की, भुकटी आल्यापासून त्याने खनिज टनामागे सात किलोंनी कमी केले होते. दुसऱ्याचे असे की, भुकटी ढिगावर टाकून फावड्याने चार-सहा वेळा वरखाली करीत होता. तिसरे उत्तर ऐकताना माझे कान तापले. उघडलेले पाकीट त्याने चैत्रापासून शेडच्या पत्र्याखालच्या फळीवर ठेवले होते. चैत्र-वैशाखात पत्रा तापला, ज्येष्ठात पाऊस सुरू झाल्यावर कोकणातली दमट हवा पाकिटात शिरली, आणि पाकिटातले फायटेज तिथल्या तिथे मेले. "खनिज काढून घेतलेस आणि त्याच्या जागी मेलेली भुकटी घातलीस," डॉक्टर म्हणाले. "पिल्लांनी उभे राहायचे कशाच्या जोरावर?"

"पण ती थंड जागी ठेवायची असते, हे मला कुणी..." एवढे बोलून तो थांबला आणि जमिनीकडे पाहू लागला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, हे मला अधिक लागले.

* * *

पुढचा आठवडाभर मी जे वाचायला हवे होते ते वाचले. त्यातले थोडे वाचकांना सांगतो, कारण हा विषय केवळ कोंबड्यांचा नाही.

कोणतेही बी आपल्या पोटच्या रोपासाठी शिदोरी बांधून ठेवते. त्या शिदोरीत स्फुरद असते आणि ते फायटेट नावाच्या पदार्थात कुलूपबंद असते. सहा कोनांचे एक कडे आणि त्याच्या प्रत्येक कोनाला स्फुरदाचा एकेक गट, अशी त्याची घडण. शिवाय हे कडे चुना, लोह, जस्त यांनाही पकडून बसते. शंभर किलो मक्यात स्फुरद सुमारे पाव किलो असते; पण त्यातले दोन-तृतीयांश किंवा त्याहून जास्त या कुलपात. भाताच्या कोंड्यात स्फुरद मक्याच्या कितीतरी पट, आणि कुलूपही तितकेच मोठे. गाईम्हशींना याची फिकीर नसते. त्यांच्या पहिल्या पोटात अब्जावधी जंतू राहतात आणि तेच हे कुलूप उघडून देतात. कोंबडी आणि डुक्कर या एका पोटाच्या प्राण्यांकडे ही सोय जवळजवळ नाहीच. दाण्यातले बरेचसे स्फुरद त्यांच्या तोंडातून आत जाते आणि तसेच विष्ठेतून बाहेर पडते.

म्हणून माणसाने वरून खनिज घालायला सुरुवात केली. ते येते खाणीतल्या फॉस्फेटच्या दगडापासून. आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोट्रा येथे या दगडाची खाण आहे. पण गरजेच्या मानाने देशातला दगड थोडा, त्यामुळे बराचसा जॉर्डन, मोरोक्को अशा देशांतून आणावा लागतो. म्हणजे घरच्या कोंड्यात स्फुरद असून ते वाया जाते आणि समुद्रापलीकडून विकत आणलेले वरून घालावे लागते!

हे कुलूप उघडणारी किल्ली कोणी प्रथम शोधली, हे वाचताना मला मौज वाटली. १९०७ साली जपानमध्ये उमेतारो सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाताच्या कोंड्यातच हे विकर दाखवून दिले. ज्या कोंड्यात कुलूप, त्याच कोंड्यात किल्ली! पण तिचा धंद्यात उपयोग व्हायला पुढे जवळजवळ पाऊणशेहून अधिक वर्षे जावी लागली. १९६८ ते १९७१ या काळात अमेरिकेत काही संशोधकांनी बुरशीपासून काढलेले फायटेज पिल्लांच्या खाद्यात घालून पाहिले आणि पिल्लांची हाडे भरतात असे दाखवले. बाजारात ते आले १९९१ साली, हॉलंडमध्ये. आपल्या पुण्यालाही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यावर काम झाले. कांद्यावर काळी बुरशी येते तिच्याच कुळातल्या अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीचा एक वाण घेऊन तिथल्या संशोधकांनी त्यापासून दोन प्रकारचे फायटेज मिळवले आणि २००७ साली ते प्रसिद्ध केले.

या भुकटीची ताकद किती म्हणाल, तर नेहमीच्या तीव्रतेची शंभर ग्रॅम भुकटी एक टन खाद्याला पुरते आणि सहा-सात किलो खनिजाचे काम करते. पण शंभर ग्रॅम भुकटी एक टनात सारखी पसरायची म्हणजे शंभर माणसांच्या आमटीत चिमूटभर हिंग सारखा लागला पाहिजे, तसे आहे. आधी किलोभर भरड्यात, मग दहा किलोंत, मग सगळ्यात, अशी पायरीपायरीने ती कालवावी लागते. आणि विकर हे प्रथिन. अंड्यातला पांढरा बलक उकडून एकदा घट्ट झाला की काही केल्या पुन्हा पातळ होत नाही. विकराचेही उष्णतेने तसेच होते. म्हणून वाफेवर गोळीखाद्य बनवणारे कारखाने उष्णता सोसणारे खास फायटेज वापरतात, किंवा गोळी थंड झाल्यावर वरून फवारतात.

हॉलंडचे नाव या गोष्टीत उगाच आलेले नाही. त्या चिमुकल्या देशात डुकरे आणि कोंबड्या अमाप, खताला जमीन अपुरी. न पचलेले स्फुरद खतातून शेतात, शेतातून कालव्यात गेले. पाण्यात स्फुरद वाढले की शेवाळ माजते. ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते, आणि मासे गुदमरतात. सरकारने खतावर कडक बंधने घातली, तेव्हा या भुकटीला बाजार मिळाला. अमेरिकेत मेरीलँड राज्याने १९९८ साली कायदाच केला की कोंबड्यांच्या खाद्यात फायटेज असलेच पाहिजे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात तर १९९९ साली असे डुक्कर जन्माला घातले, की ज्याच्या लाळेतच हे विकर तयार होई! पण ते बाजारापर्यंत पोचले नाही आणि २०१२ साली तो प्रयोग गुंडाळावा लागला. आपल्याकडेही कोंबडखत भाताच्या खाचरांत पडते, आणि कोकणचा पाऊस काय वाहून नेतो हे पनवेलकरांना सांगायला नको. खाचरातून ओढ्यात, ओढ्यातून खाडीत.

'स्फुरद' हा शब्द मला पहिल्यापासून आवडतो. स्फुरणे म्हणजे चमकणे. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडने परिसाच्या शोधात माणसाचे मूत्र आटवले, तेव्हा हा अंधारात चमकणारा पदार्थ हाती लागला. म्हणजे टाकाऊतूनच तो प्रथम मिळाला. साडेतीनशे वर्षांनी आपण तो पुन्हा टाकाऊत दवडतो आहोत.

* * *

हे सारे एका रात्री मी सौ.ला सांगितले. ती वाल फडक्यात बांधीत होती.

"म्हणजे मोड आले की जे होते तेच की!" ती म्हणाली.

मी चमकलो. खरेच तसे आहे. बी भिजले की रोपाची शिदोरी सोडायची वेळ झाली हे त्याला कळते, आणि ते स्वतःच फायटेज तयार करून कुलूप उघडू लागते. मोड आलेल्या कडधान्यातले किंवा आंबवलेल्या पिठातले लोह नि जस्त अंगी अधिक लागते, त्याचे एक कारण हेच. आपल्या आज्या-पणज्या रसायनशास्त्र शिकल्या नव्हत्या. पण हातातल्या फडक्याने त्या हेच काम करीत होत्या.

"मग त्याला सांगा, मक्याला मोड आणून घाल म्हणावे."

"अगं, टनावारी मक्याला मोड कुठे आणत बसणार? म्हणून तर ती भुकटी."

"मग ती भुकटी विरजणासारखी जपायला नको? कुणी विरजण तापल्या पत्र्याखाली ठेवते का? आणि कढत दुधात घालते का?" क्षणभर थांबून तिने विचारले, "तुम्ही त्या कागदात असे का नाही लिहिलेत?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

रविवारी मी गावी गेलो. शेडमध्ये भाताच्या तुसावर पिल्ले होती. लंगडी एका बाजूला वेगळी काढलेली. खांबावर माझे भाषांतर खिळ्याला अडकवलेले होते. मी सगळा प्रकार कबूल केला. शेवटच्या ओळी होत्या, मला त्या दिसल्या होत्या, आणि मी त्या जाणूनबुजून गाळल्या, असे सांगितले. नुकसानीतला वाटा उचलतो म्हणालो.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, इंग्रजी कागद माझ्याकडेही होता. मीही तुमचे मराठी वाचून त्याच्याकडे बघितले नाही. इतके छान होते ते." पैसे त्याने घेतले नाहीत. "दुसरा कागद लिहून द्या," एवढेच म्हणाला.

तो कागद मी तिथेच बसून लिहिला. त्यात 'विकर' हा शब्द एकदाच आहे. बाकी असे आहे: ही भुकटी विरजणासारखी जपावी. विरजणात जिवंत जंतू असतात, हिच्यात नसतात. पण उन्हाला आणि ओलीला दोन्ही सारखीच भितात. पाकीट घरात, गार जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात. उघडल्याची तारीख वर लिहावी. मुदत संपली की टाकून द्यावी. आधी मूठभर, मग पाटीभर, मग ढीगभर कालवावी. भुकटीची खात्री नसेल त्या दिवशी खनिज पुरते घालावे. चुना वाटेल तसा वाढवू नये. ज्या ओळी मी मागे गाळल्या होत्या त्या या कागदावर सर्वांत वर आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत आहेत.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याने खनिज पूर्ववत केले, चुना बेताचा केला, जीवनसत्त्व ड दिले. कमी लागण झालेली पिल्ले हळूहळू पायांवर उभी राहिली. ज्यांची हाडे वाकून गेली होती ती वाचली नाहीत. सारी मिळून सव्वातीनशे पिल्ले गेली.

भाद्रपदात त्याने दुसरी तुकडी आणली. नवे पाकीट, घरातल्या कोनाड्यात, डब्यात बंद; खनिज पुन्हा हिशेबाने कमी केलेले. तीन आठवडे झाल्यावर मला राहवेना, तेव्हा मी जाऊन आलो. आत शिरताच पिल्लांचा सगळा लोंढा तुसावरून टणाटण धावत माझ्या पायांशी आला. एकही लंगडत नव्हते. दहा मिनिटे मी नुसता त्यांचे पाय बघत उभा होतो.

त्याची आई चहा घेऊन आली. हात अजून मोकळेच होते. पाटल्या संक्रांतीपर्यंत सुटतील असा मुलाचा हिशेब आहे. खांबावरच्या नव्या कागदाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मास्तर, पहिला कागद लई सुंदर होता. पण हा समजतो."

वीस वर्षे मी वर्गात मराठी शिकवतो आहे. भाषेविषयी इतके नेमके वाक्य माझ्या तोंडून निघालेले मला आठवत नाही.

परवा तो दिवाळीच्या आधी येऊन गेला. पौषात शेतात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावणार आहे; मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी आणि त्याच्या शेडमधल्याच कोंबड्या. आम्हा दोघांना अगत्याचे आमंत्रण आहे. सौ. फक्त शेंगा खाईल. जाताना त्याने खिशातून एक घडी केलेले इंग्रजी पत्रक काढून माझ्यासमोर ठेवले. कोंबड्यांच्या कसल्याशा लशीचे होते.

मी चष्मा लावला आणि ते वाचायला घेतले. या वेळी शेवटच्या ओळीपासून.